एल आंबवताना तापमान कसं सांभाळायचं: ठाणे-नवी मुंबईच्या हवेतले नेहमीचे प्रश्न

एल म्हणजे लागरपेक्षा जरा गरम तापमानाला आंबवली जाणारी बिअर. खालचे सगळे हिशेब २० लिटरच्या बॅचचे आहेत. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर आंबत जाते तशी उतरते) १.०४८ च्या आसपास, शेवटची १.०११ आणि यीस्ट कोरडं, अमेरिकन एलचं. तापमान सगळीकडे सेल्सिअसमध्ये. वेगळं काही असेल तिथे तसं लिहिलं आहे.

आधी कायद्याचं सांगा. घरी एल बनवता येते का?

महाराष्ट्रात परवान्याशिवाय नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याविना मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, आणि ‘विकत नाही, घरच्यापुरती करतो’ म्हटल्याने तो टळत नाही. परवान्याचं काम राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे असतं. त्यामुळे ही माहिती परवान्याच्या जागेत छोट्या चाचणी बॅच लावणाऱ्यांसाठी आहे, आणि जिथे हे घरी करायला कायद्याची हरकत नाही अशा दमट, उष्ण गावी राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी. आल्याची बिअर किंवा कोम्बुचा करणाऱ्यांनाही खोका, फ्रीज आणि तापमान कंट्रोलरचा भाग जसाच्या तसा उपयोगी पडेल.

एलला नेमकं किती तापमान लागतं?

बहुतेक एल यीस्टचं चांगलं काम १८ ते २१ अंशांत होतं. पाकिटावरचा आकडा याहून सैल असतो. यूएस-०५ या यीस्टला कंपनी २६ पर्यंत चालेल म्हणते, नॉटिंगहॅम या दुसऱ्या यीस्टला १० ते २५. पण तो पट्टा यीस्ट कुठवर तग धरून काम करतं ते सांगतो, चव कुठे सर्वात चांगली येते ते नाही. यूएस-०५ पंचविसाला आंबेल, बिअर होईल, पण ती ‘साफ’ लागणार नाही. साफ चव हवी असेल तर १८-१९ धरून चला, इंग्लिश पद्धतीचा थोडा फळाळ वास हवा असेल तर २०.

खोलीत २४ अंश असतील तर बिअरही २४ लाच असेल ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त बॅच इथेच बिघडतात. साखर आंबताना उष्णता सुटते. किलोभर साखर आंबली की साधारण ५८० ते ५९० किलोज्यूल. आपल्या बॅचमध्ये दीड किलोच्या थोडं वर साखर आंबते, म्हणजे एकूण नऊशेहून जास्त किलोज्यूल. ती सगळी फर्मेंटरमध्येच (आंबवण्याच्या भांड्यात) कोंडली तर २० लिटर बिअर ११ अंशांनी तापेल.

प्रत्यक्षात बरीचशी उष्णता भिंतीतून बाहेर जाते, म्हणून जोरात आंबत असताना बिअर भोवतालच्या हवेपेक्षा २ ते ५ अंश गरम असते. फर्मेंटर मोठा असेल, ग्रॅव्हिटी जास्त असेल किंवा त्यावर कौतुकाने गोधडी गुंडाळलेली असेल तर फरक वाढतो. चोवीसच्या खोलीत बिअर सत्तावीस-अठ्ठावीसला असते आणि भिंतीवरचा थर्मामीटर चोवीसच दाखवत राहतो. म्हणून या पानावर ‘१९ अंश’ असं जिथे लिहिलंय तिथे बिअरचं तापमान समजा, खोलीचं नव्हे.

तापमान चढलं तर नेमकं काय बिघडतं?

यीस्टची वाढ आणि तिच्यासोबतच्या सगळ्या रासायनिक क्रिया वेगाने होतात. मे महिन्यात इडलीचं पीठ रात्रीत पातेल्याबाहेर येतं तसंच हे, फक्त इथे फसफसण्यापेक्षा त्यातून उरणारी चव जास्त त्रास देते.

पहिला दोष उग्र अल्कोहोलचा. एकवीस-बावीसच्या वर, विशेषतः सुरुवातीला, यीस्ट इथेनॉलबरोबर आयसोअमाइलसारखी जड अल्कोहोल जास्त बनवतं. घशाला चटका बसतो, पाच टक्क्यांची बिअर आठची वाटते. महिनाभर ठेवली तरी हा दोष फारसा जात नाही. दुसरा एस्टरचा. थोडे असले तर फळाचा छान वास, जास्त झाले तर केळ्याचा, आणि इथाइल अ‍ॅसिटेट वाढलं की थेट नेलपॉलिश रिमूव्हरचा. हेही नंतर निघत नाहीत.

लोण्यासारखी किंवा बटर-पॉपकॉर्नसारखी चव म्हणजे डायअ‍ॅसिटिल. हिचं कारण बहुतेक वेळा उलटं असतं: बिअर फार लवकर गार केली, यीस्टला आवराआवर करायला वेळ मिळाला नाही. हिरव्या सफरचंदाची चव, म्हणजे अ‍ॅसिटाल्डिहाइड, घाईनेच येते. हे दोन दोष मात्र यीस्ट अजून जिवंत आणि बिअरमध्येच असेल तर सुधारता येतात. तीन-चार दिवस २१-२२ अंशांना ठेवा आणि रोज चाखा.

पहिल्या तीन दिवसांवर एवढा भर का?

वर सांगितलेले न निघणारे दोष बहुतांशी यीस्ट संख्येने वाढत असतानाच तयार होतात, आणि ती वाढ पहिल्या ४८ ते ७२ तासांत उरकते. पाचव्या दिवशी बिअर २३ ला गेली तर फार बिघडत नाही. पहिल्या रात्री २८ ला गेली तर पुढचे दहा दिवस १८ ला ठेवून काही उपयोग नाही. बर्फ, वेळ किंवा शेजाऱ्याच्या फ्रीजरमधली जागा मोजकीच असेल तर ती या तीन दिवसांसाठी राखून ठेवा.

‘आत्ता तीसला यीस्ट घालू, रात्रीत गार होईल’ हा बेत म्हणूनच सर्वात महाग पडतो. वाढ गरम वर्टमध्ये (माल्टच्या गोड, अजून न आंबलेल्या रसात) होते, दोष तिथेच तयार होतात, आणि नंतर तापमान एकदम दहा अंश उतरलं की यीस्ट आळसावतं ते वेगळंच. वर्ट १८ वर आणूनच यीस्ट घाला. त्याला सहा तास जास्त लागले तरी चालेल, झाकण घट्ट आणि सगळं निर्जंतुक असलं म्हणजे झालं.

पण नळाचं पाणीच एकतीस अंशांचं येतं. वर्ट अठरावर आणायचा कसा?

वर्टमध्ये बुडवलेल्या तांब्याच्या किंवा स्टीलच्या कॉइलमधून नळाचं पाणी कितीही वेळ सोडलं तरी वर्ट त्या पाण्याच्या तापमानाखाली जाणार नाही. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी हाताला चटकतं. पहाटेचं बरं असतं, म्हणून उकळायला संध्याकाळी उशिरा किंवा भल्या पहाटे बसा.

काम दोन टप्प्यांत करावं लागतं. आधी नळाच्या पाण्याने ९८ वरून ३५ पर्यंत. हे पाणी वाया घालवू नका, पहिलं गरम पाणी भांडी धुवायला बादलीत धरा. मग नळ बंद करून कॉइलला एअर कूलरमधला छोटा पंप जोडा. तो बर्फ-पाण्याच्या बादलीत सोडा आणि तेच पाणी फिरवत ठेवा. पस्तीसवरून अठरावर यायला २० लिटर वर्टमधून साधारण १४०० किलोज्यूल काढावे लागतात. एक किलो बर्फ वितळून त्याचं पाणी दहा अंशांवर येईपर्यंत ३७५ च्या आसपास घेतो. म्हणजे कागदावर चार किलो बर्फ, प्रत्यक्षात गळती धरून पाच-सहा. वर्ट सतत ढवळत राहा, नाहीतर कॉइलभोवतीचाच थर गार होतो.

बर्फ पिशवीतला घ्या किंवा मासळी बाजाराबाहेर मिळणाऱ्या लादीचा, पंपाच्या बादलीत दोन्ही चालतात. वर्टमध्ये थेट टाकायला दोन्ही चालत नाहीत. ‘थोडा टाकला तर काय होतंय’ याचं उत्तर आठवड्याने आंबट वासात मिळतं.

बर्फ नसेल तर वर्ट तीस-बत्तीसपर्यंत आणून निर्जंतुक फर्मेंटरमध्ये भरा, झाकण लावा, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी यीस्ट घाला.

ओला टॉवेल गुंडाळून पंखा लावला तर?

ही युक्ती कोरड्या हवेची आहे. पाणी उडून जाताना उष्णता नेतं, पण हवेत आधीच ओल असेल तर ते उडणार किती? ओल्या फडक्याने हवेच्या ‘वेट बल्ब’ तापमानाखाली जाता येत नाही, आणि प्रत्यक्षात त्याच्या एक-दोन अंश वरच थांबावं लागतं.

खाडीकाठच्या हवेचे आकडे बघा. मे महिन्यात ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब २७ च्या पुढे. जुलैत २८ अंश आणि ८८ टक्के, तेव्हा २६ च्या वर. म्हणजे टॉवेलने फरक पडतो तो नावाला. जानेवारीत दुपारी ३० अंश आणि ४० टक्के असेल तर वेट बल्ब २० वर येतो, रात्री त्याहून खाली. तेव्हा हीच युक्ती उत्तम चालते. नागपुरात एप्रिलमध्ये कूलर का चालतो आणि कोपरखैरणेत तोच कूलर घर नुसतं दमट का करतो, त्याचं कारण हेच. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत टॉवेल आणि पंखा वापरा, बाकीचे महिने विसरा.

टबात पाणी भरून गोठवलेल्या बाटल्या सोडल्या तर चालेल?

चालतं, पण टब गुंडाळलेला हवा. साठ लिटरचा प्लॅस्टिक टब घ्या, त्यात फर्मेंटर ठेवा आणि बाहेरचं पाणी आतल्या वर्टच्या पातळीपर्यंत भरा. या जास्तीच्या पाण्यामुळे तापमान हळू बदलतं, हा मोठा फायदा.

फ्रीजरमधून काढलेली एक लिटरची बाटली वितळून अठरावर येईपर्यंत सव्वाचारशे किलोज्यूलच्या आसपास उष्णता घेते. वीस लिटर बिअर आणि पंचवीस लिटर पाणी मिळून ती तापमान दोन अंशांहून थोडं जास्त खाली आणते. ऐकायला छान वाटतं. पण उघडा टब मे महिन्याच्या खोलीतून दिवसाला १५-१६ बाटल्यांएवढी उष्णता आत ओढतो, आणि एवढा बर्फ घरातला कुठलाच फ्रीजर गोठवून देत नाही. बाजूंना जाड योगा मॅट गुंडाळा, तळाशी थर्मोकोलचा तुकडा द्या, वर झाकण ठेवा. मग हिवाळ्यात चार-पाच बाटल्यांत दिवस निघतो. पाण्यात थोडं ब्लीच टाका, नाहीतर तिसऱ्या दिवशी बुळबुळीत थर येतो.

बाटल्यांमध्ये मीठ घालू नका. मिठाचं पाणी घरच्या फ्रीजरमध्ये पूर्ण गोठत नाही, आणि गोठवण्यातच तर सगळी कमाई आहे.

थर्मोकोलचा खोका करायचा तर किती जाडीचा?

५० मिलिमीटर. पंचवीसचा स्वस्त पडतो, पण रोज त्याची किंमत बर्फात भरावी लागते. आतून ४५ बाय ४५ बाय ६० सेंटिमीटरचा खोका धरा. बाहेर ३१ आणि आत १९ असेल तर पंचवीसच्या भिंतीतून साधारण २० वॉट उष्णता आत येते, पन्नासच्या भिंतीतून अकरा-बारा. त्यात आंबण्याची स्वतःची सरासरी चार-पाच वॉट मिळवा, जोराच्या दिवशी त्याच्या दुप्पट. म्हणजे पन्नासच्या खोक्याला दिवसाला तीन-चार लिटर-बाटल्या, पंचवीसच्याला पाच-सहा. एक बाटली घट्ट गोठायला दहा तासांहून जास्त लागू शकतात, म्हणून बाटल्या दुप्पट ठेवा: निम्म्या खोक्यात, निम्म्या फ्रीजरमध्ये.

शीट हॅकसॉच्या पात्याने कापता येते. चिकटवायला पांढरा फेव्हिकॉल घ्या. बुटाच्या दुकानातला पिवळा सोल्युशन थर्मोकोल खाऊन टाकतो. सांध्यांवर अ‍ॅल्युमिनियमची टेप लावा. झाकण काठावर नुसतं टेकू देऊ नका, दोन सेंटिमीटर आत बसेल असं करा. गळती नेहमी झाकणातूनच होते. तळाला विसरू नका, फरशीही तापलेली असते, विशेषतः वरच्या मजल्यावर.

गार हवा खाली बसते, म्हणून बाटल्या वरच्या बाजूला टांगा किंवा फळीवर ठेवा. कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा आत लावून तो कंट्रोलरने चालू-बंद केला तर खोक्याचा अर्धा फ्रीज होतो.

एसीच्या खोलीत ठेवलं तर?

एसी २४ वर असेल तर बिअर जोराच्या दिवसांत २६-२७ ला. एसी १८ वर ठेवून तीन दिवस खोली कोणी वापरायची, आणि महावितरणचं बिल कोणी भरायचं? एसीची खोली आणि थर्मोकोलचा खोका ही जोडी मात्र चांगली आहे. बाहेरचा फरक बारावरून पाचवर येतो, बर्फ जवळपास निम्माच लागतो.

जुना फ्रीज घ्यायचा ठरवलं. कोणता घ्यावा?

१८० ते २०० लिटरचा एकदरवाजी, डायरेक्ट कूल. भंगारवाल्याकडे, दुरुस्तीच्या दुकानात किंवा सोसायटीच्या ग्रुपवर ‘देणे आहे’मध्ये मिळतो. दुहेरी दरवाजाचा, आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीज टाळा. कंट्रोलर वीज तोडत राहतो आणि त्याच्या डीफ्रॉस्ट टायमरचं गणित चुकतं.

घेण्याआधी फर्मेंटर सोबत घेऊन जा, निदान त्याची मापं तरी. मागे खाली कॉम्प्रेसरचा उंचवटा असतो, त्यामुळे तळाची खोली वरच्यापेक्षा बरीच कमी भरते. उंचवट्याच्या उंचीची लाकडी चौकट करून त्यावर १८ मिलिमीटरचा प्लायवुड टाकला की सपाट जागा मिळते. वर फ्रीजरच्या कप्प्याखाली एअरलॉकसाठी (गॅस बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी पाण्याची झडप) दहा सेंटिमीटर सोडा. काचेच्या शेल्फवर फर्मेंटर ठेवू नका, भरलेला पंचवीस किलोच्या आसपास जातो. जागा कमी पडली म्हणून फ्रीजरचा कप्पा वाकवायचा मोह होतो. तो कप्पा म्हणजेच इव्हॅपोरेटर आहे, नळी चिरली तर गॅस गेला आणि फ्रीजचं कपाट झालं.

दरवाजाच्या गॅस्केटमध्ये कागद धरून दार लावा. कागद अलगद निघत असेल तर गॅस्केट बदला. मागच्या भिंतीपासून १०-१५ सेंटिमीटर अंतर ठेवा. ड्राय बाल्कनीत ठेवत असाल तर पश्चिमेचं ऊन आणि पावसाचा मारा दोन्ही बघा.

कंट्रोलर कोणता आणि सेटिंग काय?

एसटीसी-१००० हा स्वस्त आणि पुरेसा आहे. त्यात दोन रिले असतात, एक गार करायला, एक गरम करायला. इंकबर्ड आयटीसी-३०८ मध्ये वायरिंग करावं लागत नाही, फ्रीजचा प्लग थेट त्यात बसतो. फक्त २२० व्होल्टचा आहे ना आणि आपल्या पिनला चालतो ना, ते बघून घ्या.

एसटीसी-१००० च्या चार सेटिंग अशा: एफ-१ म्हणजे हवं ते तापमान, १८.५ ठेवा. एफ-२ म्हणजे किती फरक पडल्यावर जागं व्हायचं, ०.५ ते १ ठेवा. ०.३ ठेवून अचूकता वाढत नाही, कॉम्प्रेसरच्या चालू-बंद फेऱ्या वाढतात. एफ-३ म्हणजे कॉम्प्रेसर पुन्हा चालू होण्याआधीची थांबायची मिनिटं. ही दहावर ठेवा, फ्रीजचं आयुष्य याच सेटिंगवर आहे. एफ-४ प्रोबची (तापमान मोजणाऱ्या तारेची) चूक सुधारायला. फ्रीजचा स्वतःचा नॉब सर्वात गारवर ठेवा, म्हणजे त्याचा थर्मोस्टॅट मध्येच वीज तोडणार नाही.

वायरिंग उघडं ठेवू नका. प्लॅस्टिकच्या बंद डब्यात बसवा, अर्थिंग फ्रीजपर्यंत अखंड न्या, आणि ओल्या जागी आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असलेल्या सर्किटवरच लावा. हे काम येत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

प्रोब कुठे लावायचा?

फर्मेंटरच्या बाहेरच्या बाजूला, वर्टच्या पातळीच्या मधोमध. टेपने घट्ट चिकटवा आणि त्यावर स्पंजचा किंवा बबल रॅपच्या चार-पाच घड्यांचा जाड थर द्या, म्हणजे त्याला फ्रीजमधली हवा लागणार नाही, फक्त भिंत लागेल. असं लावलं की वाचन बिअरच्या अर्ध्या अंशाच्या आत येतं. धातूची थर्मोवेल (प्रोब घालायची बंद नळी) आत सोडली तर आणखी चांगलं.

प्रोब नुसता हवेत लटकवला की फ्रीज हवा १८ वर ठेवतो आणि बिअर २१-२२ वर जाते. उलट, प्रोब फर्मेंटरवर असताना हवा दहापर्यंत खाली गेलेली दिसली तर घाबरू नका. बिअरची उष्णता काढायला ती तेवढी गार असावीच लागते.

थर्मामीटरवर विश्वास ठेवावा का?

एकदा तपासून घेतल्यावर. ग्लासभर चुरलेला बर्फ, त्यात बुडेल इतकंच पाणी. पाच मिनिटं ढवळा आणि प्रोब मधोमध धरा. शून्य दिसायला हवं. १.२ दिसलं तर एफ-४ मध्ये उणे १.२ घाला. चिकटवायच्या पट्ट्या ढोबळ अंदाजासाठी ठीक आहेत.

सगळं हाताशी आहे. दिवसागणिक काय ठेवायचं?

वर्ट १७-१८ ला असताना ११.५ ग्रॅमचं एक पाकीट घाला, या ग्रॅव्हिटीला पुरतं. पाकिटं फ्रीजमध्येच ठेवा. एप्रिलच्या कुरिअरमध्ये चार दिवस तापून आलेलं पाकीट शंकास्पद समजा आणि शक्य असेल तर दोन घाला.

पहिले तीन दिवस १८.५. बारा ते चोवीस तासांत फेस धरायला हवा. ग्रॅव्हिटी १.०२० च्या खाली आली की, साधारण चौथ्या दिवशी, रोज एक अंश वाढवत २१ पर्यंत न्या आणि तीन दिवस तिथेच ठेवा. या वाढवण्याने यीस्ट शेवटची साखर संपवतं आणि डायअ‍ॅसिटिल गिळतं. दोन दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन ग्रॅव्हिटी सारख्या आल्या की आंबणं झालं.

डायअ‍ॅसिटिलची खात्री करायची तर दोन झाकणबंद बाटल्यांत थोडी थोडी बिअर घ्या. एक साठ-सत्तर अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा, मग गार करून दोन्ही हुंगा. गरम केलेलीत लोण्याचा वास आला तर अजून दोन दिवस थांबा. नाही आला तर ३ अंशांवर उतरवा आणि दोन दिवसांत गाळ खाली बसू द्या.

गार करताना एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं गेलं. बॅच गेली?

नाही. वरची हवा आकुंचन पावते म्हणून असं होतं. एअरलॉकमध्ये सॅनिटायझर किंवा व्होडका असेल तर काळजीचं कारणच नाही. खरं नुकसान मागोमाग आत जाणाऱ्या हवेतल्या ऑक्सिजनने होतं. गार करण्याआधी एअरलॉक काढून बुच लावा, मात्र फर्मेंटर कडक असेल तरच. पातळ प्लॅस्टिकचा डबा आत चेपतो.

रात्रभर वीज गेली तर?

दार उघडू नका. बंद फ्रीजमध्ये वीस लिटर बिअर उन्हाळ्यात तासाला अर्धा अंश चढते, जोरात आंबत असेल तर एकाच्या जवळपास. दोन तासांचं काहीच नाही. देखभालीसाठी दिवसभर वीज बंद असल्याचा संदेश आला तर आदल्या रात्री गोठवलेल्या तीन बाटल्या फर्मेंटरभोवती ठेवून द्या. आणि त्या दिवशी नवी बॅच लावू नका.

पावसाळ्यात फ्रीजच्या आत बुरशी येते.

येणारच. १९ अंशांचा फ्रीज कोरडा राहत नाही आणि प्रत्येक वेळी दार उघडलं की जुलैची ओली हवा आत जाते. तळाला साचलेलं पाणी रोज पुसा. कपाटात टांगायच्या कॅल्शियम क्लोराइडच्या ओलशोषक पिशव्या एक-दोन आत ठेवा, भरल्या की बदला. बॅच संपली की आतून ब्लीचच्या पातळ पाण्याने पुसा, कोरडं करा आणि दाराला खुंटी लावून उघडं ठेवा. प्लायवुडच्या कडा वार्निश केल्या नसतील तर पहिली बुरशी तिथेच धरते.

चिलटांचंही याच दिवसांत वाढतं. त्यांच्या अंगावरून व्हिनेगर करणारे जिवाणू येतात, म्हणून नमुना घेताना झाकण उघडं ठेवून फोन घेऊ नका.

फ्रीज उघडल्यावर नाकात झणझणतं. धोक्याचं आहे का?

तो कार्बन डायऑक्साइड. या बॅचमधून सगळा मिळून सुमारे ४०० लिटर निघतो, आणि तो हवेपेक्षा जड असल्याने बंद फ्रीजमध्ये साचतो. डोकं आत घालून श्वास घेऊ नका. दार उघडा, अर्धा मिनिट थांबा, मग वाका. फर्मेंटर बंद खिडकीच्या छोट्या खोलीत ठेवून तिथेच झोपणं टाळा. झाकलेल्या माळ्यावर तर ठेवूच नका, तिथे उकाडाही सर्वात जास्त असतो.

हिवाळ्यात हीटर लागेल का?

ठाण्यात क्वचितच. येऊरच्या पायथ्याशी किंवा खारघरला जानेवारीच्या पहाटे पारा उतरतो, पण आंबणारी बिअर स्वतःच तापते. शेवटच्या २१ अंशांसाठी फ्रीज बंद करून दार किलकिलं ठेवलं की दुपारपर्यंत काम होतं. जुना पिवळा बल्ब लावू नका, त्याच्या उजेडाने हॉप्सला (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांना) उग्र वास येतो.

फ्रीज नको, बर्फ नको. उष्णता सोसणारं यीस्टच घातलं तर?

एप्रिल-मेसाठी हाच सर्वात शहाणा मार्ग आहे. नॉर्वेतलं व्हॉस क्वाइक हे यीस्ट २५ ते ४० अंशांत चालतं आणि ३५ च्या वर त्याला खरा सूर सापडतो. संत्र्याच्या सालीसारखा हलका वास येतो, आंबणं चार-पाच दिवसांत संपतं. त्याला पोषण भरपूर लागतं. हलक्या वर्टमध्ये यीस्ट न्यूट्रियंट घाला, नाहीतर ते रेंगाळतं. गंमत अशी की ठाण्याच्या उन्हाळ्यातही ते खोलीच्या तापमानाला थोडं गारच पडतं, म्हणून त्याला खुशाल चादर गुंडाळा.

दुसरा पर्याय बेल सेझों, १५ ते ३५ अंश. मिरी-लवंगेसारखा वास, अगदी कोरडी बिअर. पण हे यीस्ट इतर यीस्टना न पचणारी साखरही हळूहळू फोडतं. ग्रॅव्हिटी खरंच थांबल्याशिवाय बाटल्या भरल्या तर त्या फुटतात. तीच नळी, तोच नळ पुढच्या बॅचला वापरताना कसून धुवा.

ज्यांना अमेरिकन पेल एलचीच चव हवी आहे त्यांना या यीस्टने समाधान होणार नाही. त्यांनी बर्फाची तयारी ठेवावी किंवा डिसेंबरची वाट बघावी.

ग्रॅव्हिटी १.०२० ला अडकली. तापमानामुळे?

बहुधा. मधेच बिअर १५-१६ ला गेली की यीस्ट खाली बसतं. २१ ला आणा, फर्मेंटर हलकेच गोल फिरवून गाळ उठवा (हवा आत जाऊ देऊ नका) आणि तीन दिवस बघा. त्याआधी हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायची तरंगणारी काचेची नळी) तपासा. तो २० अंशांसाठी आखलेला असेल तर ३० अंशांच्या नमुन्यात अडीच अंक कमी दाखवतो, म्हणजे १.०४८ दिसलं तर खरं १.०५० ते १.०५१. आंबत्या बिअरमधले बुडबुडे उलट त्याला वर उचलतात, म्हणून नमुना दोन भांड्यांत वर-खाली करून गॅस काढा.

बाटलीत घालायच्या साखरेवरही तापमानाचा परिणाम होतो का?

होतो. आंबणं संपल्यानंतर बिअर सर्वात जास्त ज्या तापमानाला राहिली त्यावर तिच्यात किती गॅस उरला ते ठरतं. नंतर तीन अंशांवर उतरवली म्हणून गॅस वाढत नाही. मध्यम फेसासाठी, म्हणजे २.४ व्हॉल्यूमसाठी (बिअरच्या आकारमानाच्या २.४ पट विरघळलेला गॅस), बिअर २०-२१ ला राहिली असेल तर २० लिटरला ११८ ते १२० ग्रॅम साधी साखर, २८ ला राहिली असेल तर १३० ग्रॅम. साखर थोड्या पाण्यात उकळून, गार करून घाला.

भरलेल्या बाटल्यांना आठ-दहा दिवस खोलीतलं तापमान चालतं, ३० अंशांत गॅस लवकर धरतो. बाटल्या बंद खोक्यात ठेवा, एखादी फुटली तर काचा खोक्यातच राहतात. गॅस धरला की लगेच फ्रीजमध्ये. मे महिन्याच्या खोलीत महिनाभर राहिलेल्या एलला ओल्या पुठ्ठ्याची चव येते आणि हॉप्सचा वास तर आधीच गेलेला असतो. फ्रीजमध्ये मावतील तेवढ्याच बाटल्यांची बॅच लावा.